‘शांत आहे’ लिहिण्याआधी

एप्रिलचा शेवटचा आठवडा आहे, १ मेला निकाल वाचायचा आहे आणि तुझ्यापुढे वर्णनात्मक नोंदींचा गठ्ठा पडलाय. काय झालं असेल ते मला न सांगताच कळतंय गं. पहिल्या पाच-सहा मुलांपर्यंत हात सुरेख चालला. मग ‘व्यक्तिमत्त्व गुणविशेष’ या रकान्यापाशी एकाला ‘शांत व समंजस आहे’ लिहिलंस, पुढच्याला ‘शांत व आज्ञाधारक’, त्याच्या पुढच्या मुलीला ‘स्वभावाने शांत’. आणि मागची पानं उलटून पाहिलीस तर निम्मा वर्ग शांत निघाला!

दम घे आधी. पाणी पी. शिक्षणसेवक म्हणून पहिलीच वर्षं, घरापासून लांब जत तालुक्यात नेमणूक, द्विशिक्षकी शाळा, पहिली-दुसरी एकाच खोलीत, वर पोषण आहाराच्या नोंदी आणि रोज कुठली तरी ऑनलाइन माहिती. यात शब्द संपले तर नवल नाही. पण शब्द संपले म्हणजे तुला मुलं कळत नाहीत, असा अर्थ काढून रडत बसू नकोस. तुला ती कळतात. मधल्या सुट्टीत कोण कुणाशेजारी बसतं, कोणाच्या डब्यात आज भाकरी नव्हती, कोणाला गणिताच्या तासाला पोटात दुखतं, हे तू मला फोनवर धडाधड सांगतेस. तेच कागदावर यायला हवंय, एवढंच काम आहे.

या नोंदी आल्या कुठून ते एकदा नीट समजून घे, म्हणजे त्यांचा राग कमी होईल. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि त्याच वर्षी २० ऑगस्टला आपल्या राज्यात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाचा शासन निर्णय निघाला. पहिली-दुसरीला वर्षभर चालणाऱ्या आकारिक मूल्यमापनाचे ७० टक्के आणि सत्राअखेरच्या संकलित मूल्यमापनाचे ३० टक्के, हे तुला पाठ असेल. आकारिकच्या साधनांमध्ये पहिलं नाव आहे दैनंदिन निरीक्षणाचं. चाचणी त्याच्या खूप नंतर येते. मुलाला नुसता गुण आणि श्रेणी देऊ नका, त्याच्याबद्दल चार शब्द लिहा, असं त्या निर्णयाचं सांगणं होतं. मला ते तेव्हाही पटलं होतं आणि आजही पटतं. पुढे मग तयार नोंदींच्या पुस्तिका निघाल्या, मोबाईलवर याद्या फिरू लागल्या आणि साताऱ्यातलं मूल आणि सांगलीतलं मूल एकाच वाक्यात बसायला लागलं. तू त्या याद्या वापरतेस म्हणून मी तुला ओरडणार नाही. रात्री अकरा वाजता कुणीही वापरेल. फक्त यादीतला ‘शांत’ हा शब्द उचलण्याआधी माझं थोडं ऐक.

बघ, वर्गात आवाज न करणारी चार मुलं चार वेगळ्या कारणांनी गप्प असतात.

तुझ्या जत तालुक्याच्या पूर्वेकडच्या गावांत घराघरांत कन्नड बोलतात. तिकडे जिल्हा परिषदेच्या कन्नड माध्यमाच्याही शाळा आहेत. पण तुझी शाळा मराठी, आणि पहिलीत आलेलं पोर आजीशी, आईशी, शेळ्या राखणाऱ्या काकाशी कन्नडच बोलत आलेलं. ते तुझ्यासमोर हाताची घडी घालून बसतं, मान डोलावतं, काही विचारत नाही. त्याला तू ‘शांत’ लिहिलंस की पुढच्या वर्षीच्या बाईसुद्धा त्याला शांत समजूनच शिकवणार. ते शांत नाही गं, ते अजून तुझ्या भाषेच्या दारात उभं आहे. त्याला मैदानावर बघ, त्याच्यासारख्याच दोन कन्नड बोलणाऱ्या पोरांत बघ. मग ठरव. आणि त्याच्यासाठी ‘मराठीतून बोलण्यास आता सुरुवात केली आहे, मित्रांशी कन्नडमधून मोकळेपणाने बोलतो’ अशी नोंद लिही. हे खरं आहे आणि यात त्याचा कसलाही कमीपणा नाही.

दुसरं मूल दिवाळीनंतर आई-बापाबरोबर ऊसतोडीला गेलेलं, आणि मार्च-एप्रिलला परत आलेलं. शिक्षण हमी कार्ड त्याच्या दप्तरात असतं, पण मधल्या महिन्यांत पाढे पुढे गेलेले असतात, बसायच्या जागा बदललेल्या असतात, जिवलग मित्राला दुसरा मित्र मिळालेला असतो. खानापूर, विटा, आटपाडी भागातल्या गलाई कुटुंबांची मुलंही अशीच येतात. बापाचं सोनं-चांदी गाळायचं दुकान कुठे तमिळनाडूत, कुठे बंगालमध्ये, आणि आजी-आजोबांसाठी म्हणून मूल एकदम गावच्या शाळेत. ही मुलं गप्प राहून अंदाज घेत असतात. महिनाभर त्यांच्या स्वभावाबद्दल काहीही लिहू नये असं माझं स्पष्ट मत आहे. लिहावंच लागलं तर जे दिसलं तेवढं लिही, स्वभाव लिहू नकोस.

तिसऱ्याला ऐकूच येत नसतं. हसू नकोस, हे फार वेळा घडतं. सर्दी, कान वाहणं, त्यावर घरगुती तेल घालणं, आणि पोरगं हळूहळू मागच्या भिंतीला टेकतं. त्याच्या पाठीमागे उभी राहून हळू आवाजात त्याचं नाव घेऊन बघ. वळलं नाही तर तुझ्या नोंदीआधी त्याला डॉक्टर हवा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक तपासणीला येतं, तेव्हा त्या मुलाला रांगेत पुढे घे आणि डॉक्टरांना तुझं निरीक्षण सांग. डोळ्यांचंही तसंच. फळ्यावरचं दिसत नाही म्हणून वहीत मान घालून बसलेल्या मुलीला ‘एकाग्र व शांत’ असा शेरा मिळालेला मी वाचलाय.

आणि चौथं मूल घाबरलेलं असतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली होती. ४५ फूट ही तिथली धोक्याची पातळी, त्यावरून अंदाज कर. मी तेव्हा पलूस तालुक्यात होते. पाणी ओसरलं, शाळा धुऊन निघाली, मुलं परत आली. त्यांत एक मुलगा होता, पावसाचा आवाज पत्र्यावर सुरू झाला की बाकाची कड धरून बसायचा. मागच्या इयत्तेच्या नोंदीत तो ‘बडबड्या, सतत प्रश्न विचारतो’ असा होता. पुरानंतर सगळे म्हणायला लागले, पोरगं किती शहाणं झालं, त्रास देत नाही. मला त्याच्या त्या शहाणपणाची काळजी वाटली. त्याला मी शाळेच्या बागेला पाणी घालायचं काम दिलं, रोज थोडं, पाण्याची भीती जाईपर्यंत. हळूहळू तो पुन्हा प्रश्न विचारायला लागला आणि त्याच्या आईला मी खास निरोप धाडला, पोरगं पुन्हा त्रास द्यायला लागलंय, तोंड गोड करा!

मग खरोखर शांत आणि स्थिर स्वभावाचं मूल ओळखायचं कसं? काही नसताना ते कसं बसतं यावरून नाही. काहीतरी बिनसल्यावर ते किती वेळात आणि कसं सावरतं, ते बघायचं. खो-खोत बाद झाल्यावर काय करतं? उत्तर चुकल्यावर वही मिटतं की खोडून पुन्हा लिहितं? कुणी टोपी पळवली तर? रांगेत मागून धक्का बसला आणि ताटलीतली खिचडी सांडली तर? अधिकारी वर्गात आले आणि नेमकं त्यालाच उभं केलं तर? स्वभाव अशा वेळी दिसतो. आणि बघ, हे सगळे प्रसंग तुझ्या वर्गात रोज आयते घडतात, त्यासाठी वेगळा उपक्रम राबवायची गरज नाही.

माझी आंतरजिल्हा बदली होऊन मी सातारा जिल्ह्यात, माण तालुक्यातल्या एका वाडीवर आले, तेव्हा तिथे तिसरीत एक मुलगी होती. तोंडाला क्षणभर विश्रांती नाही. परिपाठात बोलायची, प्रतिज्ञेत बोलायची, गणित सोडवताना आकड्यांशी बोलायची. एकदा माझी पाठ वळलेली असताना चटईखालून विंचू निघाला. पोरांनी आरडाओरडा सुरू केला. ही मात्र उठली, पहिलीतल्या दोघांना दंडाला धरून दाराबाहेर नेलं, बाकीच्यांना ‘भिंतीकडनं या, चटईवरनं नको’ असं सांगितलं आणि मग मला हाक मारली, ‘बाई, हितं इच्चू हाय, तुम्ही पण भाईर या.’ आवाज नेहमीचाच, ना चढलेला ना कापरा. त्या वर्षी माझ्या वर्गातलं सगळ्यात शांत मूल तीच होती. तिच्या नोंदीत मी लिहिलं, ‘अचानक अडचण आली तरी गोंधळून जात नाही, लहानांची काळजी घेते व योग्य क्रमाने कृती करते. खूप बोलते.’ तिच्या आईला शेवटचं वाक्य ऐकून फार आनंद झाला, कारण ते तिला आधीपासून ठाऊक होतं, आणि पहिल्या वाक्यावर ती जरा वेळ माझ्याकडे बघतच राहिली.

आता शब्दांकडे येऊ. आपल्या भाषेत या एका गुणाला इतके शब्द आहेत की ‘शांत’वर सगळा भार टाकायची वेळच येऊ नये. राग येतो, रडू येतं, पण ते आवरता येतं, अशा मुलाला ‘संयमी’ म्हण. ज्याला राग येतच नाही त्याला संयमी म्हणून चालत नाही, कारण आवरायला आधी काहीतरी उसळावं लागतं. अडचणीत ज्याचे पाय डगमगत नाहीत तो ‘धीराचा’. समोरच्याची बाजू कळून जो आपला हट्ट सोडतो तो ‘समंजस’. हातात घेतलेल्या कामावरून ज्याचं मन उडत नाही, मातीचा बैल करायला बसला तर शिंगं होईपर्यंत उठत नाही, त्याला ‘स्थिर वृत्तीचा’ किंवा ‘चिकाटीचा’ म्हणावं. घाई न करता, एकेक पाऊल बघून टाकणाऱ्याला आपल्याकडे ‘दमानं घेणारा’ म्हणतात. हा शब्द तुला कुठल्याच तयार यादीत मिळणार नाही, पण तुझ्या गावातल्या प्रत्येक घरात कळेल. ‘प्रत्येक काम दमाने व नीटनेटके करतो’ असं लिहायला काय हरकत आहे?

‘शांत डोक्याचा’ आणि ‘थंड’ यांतला फरक तर तुला सांगायलाच नको. ‘शांत डोक्याचा’ म्हणजे विचार चालू आहे, घाबरगुंडी नाही. ‘थंड’ म्हणजे काही पोचतच नाही. नोंदीत ‘थंड’ कुणाबद्दलही लिहू नये. ‘घुमा’, ‘मुखदुर्बळ’, ‘एकलकोंडा’ हेही नकोत, हे शब्द मुलाला चिकटतात आणि सुटत नाहीत. कमी बोलणारं मूल ‘मितभाषी’ असेल, पण थांब, हे पहिलीतल्या मुलाच्या आजीला वाचून दाखवशील तर तिला काय कळणार? ‘मोजकं पण नेमकं बोलतो’ असं लिही. आणि ‘भिडस्त’ मुलाला शांत म्हणू नकोस. त्याला बोलायचं असतं, भीड आड येते. त्याच्यासाठी ‘सुधारणा आवश्यक’ रकान्यात सुद्धा हळुवार लिही: ‘लहान गटात छान बोलतो, सर्वांसमोर बोलण्याची संधी वारंवार द्यावी.’ ही सूचना खरं तर पुढच्या बाईंसाठी असते.

आपल्या भागात आणखी एक शब्द आहे, ‘गरीब’. ‘पोरगं लई गरीब हाय बाई, कुणाच्या अध्यात ना मध्यात.’ आई-बाप हे कौतुकाने सांगतात आणि तुलाही ऐकताना बरं वाटतं. पण गरीब स्वभावाच्या मुलाची पेन्सिल रोज कोण घेतं, ते एकदा बघ. तसाच दुसरा शब्द ‘पोक्त’. सातवीतली नव्हे, तिसरीतली मुलगी जेव्हा पोक्त वाटते, तेव्हा माझ्या पोटात गोळा येतो. धाकट्या भावाला कडेवर घेऊन शाळेत येणारी, मधल्या सुट्टीत घरी जाऊन चुलीखालचं बघून येणारी, कधीच न रुसणारी ही मुलगी शांत दिसते, कारण तिला रुसायला वेळ मिळालेला नाही. तिच्या नोंदीत तिचं कौतुक जरूर लिही, पण तिला शाळेत खेळायला लाव. दोरीवरच्या उड्या मारू दे. कबड्डीत आरडाओरडा करू दे. हे तुझ्या हातात आहे आणि तू करशील, मला खात्री आहे.

यात मुलींबद्दल मला तुला बजावून सांगायचं आहे. ‘सोशिक’ हा शब्द कुठल्याही मुलीच्या प्रगतिपुस्तकात लिहू नकोस. अगदी कौतुक म्हणूनही नाही. तूच गेल्या वर्षी तुझं स्थळांसाठीचं परिचयपत्र मला दाखवलं होतंस, त्यात तुझ्या मामांनी लिहिलं होतं, ‘स्वभाव: शांत, सोशिक, मनमिळाऊ’. तू किती चिडली होतीस! बरोबरच होतं तुझं चिडणं. डी.एड. करून, टीईटी पास होऊन, पवित्र पोर्टलवरून नोकरी मिळवून, एकटी अनोळखी गावात राहणारी मुलगी, आणि तिच्याबद्दल सांगायला घरच्यांना ‘सोशिक’ सापडतो. ती परंपरा शाळेच्या पहिल्या प्रगतिपुस्तकापासून सुरू होते गं. मुलगा गप्प असेल तर आपण लिहितो ‘विचारी’, मुलगी गप्प असेल तर ‘शांत, आज्ञाधारक’. मुलगा ठाम बोलला तर ‘नेतृत्वगुण’, मुलगी ठाम बोलली तर ‘हट्टी’. आज रात्री मुलींच्या नोंदी एका बाजूला आणि मुलांच्या दुसऱ्या बाजूला ठेवून वाच. तुला स्वतःलाच दिसेल.

आणि सोसणं म्हणजे शांतपणा असं मानणाऱ्यांना मी साताऱ्याच्या लक्ष्मीबाई पाटलांची आठवण करून देते. त्यांचे यजमान कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ मध्ये ती साताऱ्याला नेली. वसतिगृहात सगळ्या जातींची गरिबांची मुलं. त्यांच्या दोन वेळच्या भाकरीची जबाबदारी लक्ष्मीबाईंनी उचलली. धान्य संपलं तेव्हा अंगावरचे दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रही दिलं. त्या काळात, त्या समाजात, सौभाग्यवतीने मंगळसूत्र काढून द्यायचं, याला किती स्थिर मन लागत असेल याचा विचार कर. हे सोसणं नव्हतं. पोरं उपाशी राहता कामा नयेत हा त्यांचा निर्णय होता आणि तो त्यांनी डोकं शांत ठेवून घेतला. अशा बाईला ‘धीराची’ म्हणायचं. तुझ्या वर्गातल्या एखाद्या मुलीत त्याचा कणभर अंश दिसला, आपल्या डब्यातली अर्धी चपाती तिने न सांगता शेजारणीला दिली, तर तिथे ‘धीराची, दुसऱ्याची गरज ओळखून वागते’ असं लिही. ‘सोशिक’ नाही.

नोंद लिहायची कशी, हेही सांगते. सातारकरांना हे शिकायला लांब जायला नको, सज्जनगड समोरच आहे. समर्थांच्या दासबोधात दुसऱ्या दशकात पहिला समास मूर्खलक्षणांचा आणि दुसरा उत्तमलक्षणांचा. ते समास उघडून बघ. माणूस चांगला की वाईट असं नुसतं विशेषण लावून समर्थ थांबत नाहीत, तो काय करतो आणि काय करत नाही हे एकामागून एक सांगत जातात. माणूस वागण्यातून डोळ्यांपुढे उभा राहतो. वर्णनात्मक नोंद म्हणजे हेच. विशेषण कमी, क्रियापद जास्त.

सांगलीचंच उदाहरण घे. विजय हजारे १९१५ साली सांगलीत जन्मले. ‘शांत आणि स्थिर स्वभावाचे फलंदाज’ एवढं त्यांच्याबद्दल लिहिलं, तर तुझ्या शाळेतल्या चौथीच्या क्रिकेटवेड्या पोरांना काय समजणार? पण त्यांना असं सांग: १९४८ च्या जानेवारीत ॲडलेडला ऑस्ट्रेलियाने ६७४ धावांचा डोंगर रचला होता, समोर लिंडवॉल आणि मिलरसारखे वेगवान गोलंदाज होते, आपला संघ फॉलोऑनमध्ये सापडला होता, आणि हजारे पहिल्या डावात ११६ आणि दुसऱ्या डावात १४५ धावा करून आले. एका कसोटीच्या दोन्ही डावांत शतक करणारे ते पहिले भारतीय. सामना आपण हरलो. तरीही त्यांचा स्वभाव त्या दोन आकड्यांत दिसतो की नाही? मुलाबद्दल लिहितानाही असाच एखादा प्रसंग शोध, मोठा नको, ‘बेरीज तीनदा चुकली तरी न कंटाळता चौथ्यांदा मांडली’ एवढा पुरे.

हे सगळं एप्रिलमध्ये आठवायला बसलीस तर डोकं फुटेल, ते मला मान्य आहे. म्हणून जूनपासून एक लहान वही कर. शंभर पानी, साधी. प्रत्येक मुलाला दोन पानं. रोज शाळा सुटल्यावर दोनच मुलांबद्दल एकेक ओळ लिहायची, तारीख घालून. आज खिडकीकडच्या रांगेतली दोन, उद्या पुढची दोन. तुझा पट तिशीच्या आतला आहे, तीन आठवड्यांत सगळी मुलं एकदा होतात आणि सत्र संपेपर्यंत प्रत्येकाच्या नावावर पाच-सहा ओळी जमतात. भाजी निवडायला जेवढा वेळ लागतो त्याहून कमी वेळ जातो. आणि पानं भरताना एक गोष्ट आपोआप कळते, कोणाचं पान कोरं राहतंय. कोरं पान असलेलं मूल बहुतेक वेळा तेच असतं, ज्याला आपण ‘शांत’ लिहून मोकळे होतो.

पालकसभेतही प्रश्न बदल. ‘घरी कसा असतो?’ असं विचारलंस की उत्तर ठरलेलं, ‘घरी लई दंगा करतो’ नाहीतर ‘काय तरास न्हाई’. त्याऐवजी विचार, ‘भांडण झाल्यावर किती वेळाने बोलतो?’, ‘मनासारखं नाही झालं तर कुठे जाऊन बसतो?’ आया भरभरून सांगतात. आज्या तर त्याहून जास्त. तुझ्याकडची एखादी कन्नड बोलणारी आजी नातवाबद्दल ‘समाधान’ हा शब्द वापरेल, तेव्हा तिला तो समाधानी आहे असं म्हणायचं नसतं, बरं का. त्यांच्याकडे ‘समाधान’ म्हणजे धीर, शांतपणा. विचारून घे, आणि वहीत तिच्याच शब्दात टिपून ठेव.

राहता राहिली ती चिडकी मुलं. तुझ्या त्या बाक आपटणाऱ्या पठ्ठ्याचं काय लिहू, असं तू परवा विचारलंस. खरं सांगू का, शांतपणाच्या नोंदीचा सगळ्यात मोठा मान त्याचा आहे. जूनमध्ये तो दगड उचलायचा. दिवाळीपर्यंत बाक आपटण्यावर आला. आता तूच म्हणालीस की राग आला की हापशापाशी जाऊन तोंड धुऊन येतो. वर्षभरात त्या लेकराने केवढा पल्ला गाठलाय बघ. ज्याला जन्मतः शांत स्वभाव मिळाला त्याला हे कष्ट पडलेले नाहीत. ‘विशेष प्रगती’च्या रकान्यात स्पष्ट लिही: ‘राग आल्यावर स्वतःहून बाजूला जातो व शांत होऊन परत येतो.’ आणि ‘चिडखोर आहे’ हे आधी लिहिलं असशील तर खोडरबर आहे ना घरात? खोड.

निकालाच्या दिवशी हे सगळं मोठ्याने वाचलं जातं, हे विसरू नकोस. १ मेला झेंडावंदन झालं की पदर खोचलेली एखादी आई किंवा काठी टेकत आलेली आजी प्रगतिपुस्तक उलटं-सुलटं करून तुझ्या हातात देईल आणि म्हणेल, ‘काय लिवलंय बाई, वाचून दावा की.’ मूल तिच्याच शेजारी उभं असेल. त्या वेळी तुला ‘स्वभावाने शांत व आज्ञाधारक आहे’ असं एका श्वासात वाचून दुसऱ्या पालकाकडे वळायचंय का? लिहिताना मनात तीच आजी समोर बसव आणि वाक्य तिला वाचून दाखव. ‘स्थितप्रज्ञ’, ‘धीरोदात्त’ असले भारी शब्द आपोआप गळून पडतील. तिला कळेल असं वाक्य अधिकाऱ्यांनाही कळतं, त्याची काळजी नको. तपासणीला आलेल्या कुणी ‘वाक्यं यादीतली का नाहीत’ असं विचारलंच, तर तुझी ती शंभर पानी वही तारखांसकट पुढे ठेव. निरीक्षणाच्या नोंदीला तारखेइतका दुसरा पुरावा नसतो.

आज मात्र एवढंच कर. ज्या मुलांपुढे डोळे मिटून ‘शांत’ लिहिलंयस, त्यांची नावं एका कागदावर काढ. त्यांतल्या ज्यांचा एखादा प्रसंग तुला लगेच आठवतो, त्यांची नोंद आत्ता बदल. उरलेल्यांना उद्या मधल्या सुट्टीत पाच-पाच मिनिटं नुसतं बघ, काही विचारू नकोस. कन्नड बोलणारा तो पहिलीतला पोरगा त्यांत असेल तर त्याच्याशी खेळायला मोठ्या वर्गातला कुणीतरी त्याच्याच वस्तीवरचा दे आणि लांबून ऐक. मग रात्री मला फोन कर, आपण दोघी मिळून एकेक वाक्य बसवू. कला-कार्यानुभवच्या नोंदी परवावर ढकल, त्या सोप्या असतात. आणि आधी जेवून घे गं, उपाशी पोटी कुणाच्याही लेकराबद्दल लिहायला बसू नये.